विचारणाऱ्याचा पूर्वपक्ष

रायपूरहून नागपूरकडे निघाले की दुर्ग सुटल्यावर अर्ध्या तासात राजनांदगाव येते. गाडी थोडा वेळ थांबते, कुणी चहा घेतो, कुणी बाटली भरून आणतो, आणि गाडी हलते. मी मात्र दर खेपेला खिडकीतून त्या फलाटाकडे बघत राहतो. १८९३ साली नागपूर सोडून नारायण वामन टिळक याच मार्गाने राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी चालले होते. डब्यात एक गोरा साहेब होता. त्याने सरकून जागा दिली, कवितेबद्दल बोलणे काढले, टिळकांची मते नीट ऐकून घेतली आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते बोलणे पटले नाही, पण पुस्तक वाचण्याचा दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला सुरुवात केली. डोंगरावरील प्रवचनापाशी पोचल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळा सांगितली जाते, आणि बहुधा त्या भाकितासाठी सांगितली जाते. मला तिच्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. साहेबाने डब्यात वाद घातला नाही. पुढच्या दोन वर्षांत प्रश्न विचारले ते टिळकांनी. टोपणनावाने ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. संपादक जस्टिन अॅबट त्या अनोळखी माणसाच्या शंकांना उत्तरे देत राहिले. हे तेच अॅबट, ज्यांनी पुढे महाराष्ट्राच्या संतकवींची चरित्रे आणि रचना इंग्रजीत आणण्यासाठी आपली उत्तरवयाची वर्षे खर्ची घातली. समोरच्याच्या घरात काय आहे हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचे होते, अशा माणसाशी टिळकांची गाठ पडली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक पुढे सांगत. त्यांना तसे सांगता आले याचे काही श्रेय अॅबटसारख्या वाचकालाही आहे, असे मी मानतो.

हे पुस्तक ज्या पाठांतून घडले ते पाठ रायपुरातल्या काही मराठी ख्रिस्ती घरांत रविवारी दुपारी होत आले. आमच्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे अहमदनगर, जालना, नागपूर या बाजूंनी रेल्वे, दवाखाने आणि शाळांच्या नोकऱ्यांमुळे इकडे आले. घरी मराठी, बाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी. आडनावे जुनीच राहिली, आणि त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी आडनावावरूनच येतो. “आप तो मराठी हो, फिर क्रिश्चियन कैसे?” त्यानंतर जरा आवाज उतरवून दुसरा, “कब बने?” आणि ओळख पुरेशी वाढली असेल तर तिसरा, “मिला क्या?” आमच्या मुलांना हे तिन्ही प्रश्न शाळेत, कॉलेजात आणि नोकरीच्या ठिकाणी ऐकावे लागतात. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडच्या २.५५ कोटी लोकांत ख्रिस्ती होते ४ लाख ९० हजार, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. एवढ्या थोड्यांना एवढ्या पुष्कळांना आपली ओळख सांगायची असते. ती सांगण्याची तयारी आम्ही घरात कधीच करून घेतली नव्हती. संडे स्कूलमध्ये वचने पाठ झाली, दृढीकरणाच्या वेळी विश्वासांगीकार पाठ झाला. कुणी विचारले तर काय सांगावे हे मात्र ज्याचे त्याने बघायचे.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले पंधरावे वचन या विषयाचे मूळ मानले जाते. तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असा त्याचा आशय आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘उत्तर’ या जागी ‘अपोलोगिया’ हा शब्द आहे. तो कचेरीतला शब्द आहे. आरोप ठेवलेल्या माणसाने न्यायासनासमोर आपली बाजू मांडणे म्हणजे अपोलोगिया. मराठीत त्याला नेमका शब्द शोधताना मला पेशवाईतल्या कागदपत्रांतला ‘कैफियत’ सापडला, आणि तो इतका चपखल वाटला की पाठांमध्ये आम्ही तोच वापरला आहे. कैफियत देणारा हल्ला करत नाही. तो आपली हकीकत सांगतो, तिचा आधार दाखवतो आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती सोडतो. अग्रिप्पा राजासमोर उभ्या राहिलेल्या पौलाने हेच केले, आणि दुसऱ्या शतकात सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून लिहिणाऱ्या जस्टिनने हेच केले.

त्या वचनातला ‘विचारणाऱ्या’ हा शब्द आपण फार भरभर वाचून जातो. उत्तर विचारणाऱ्याला द्यायचे आहे. ज्याने विचारलेच नाही त्याच्या दारात उभे राहून आवाज चढवणे या वचनात बसत नाही, आणि ज्याने एक विचारले त्याला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देणेही बसत नाही. हा दुसरा दोष अधिक सर्रास होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या हातून तो झाला आहे.

माझ्या कचेरीतला एक मित्र वडिलांचे दशगात्र आणि तेरावे आटोपून कामावर परतला होता. दुपारी आम्ही नेहमीच्या टपरीवर चहाला गेलो. त्याने सहज विचारावे तसे विचारले, “तुम्हारे हिसाब से बाबूजी अभी कहाँ हैं?” मी त्या काळात वादाची पुस्तके भराभरा वाचत होतो. मला वाटले, आली संधी. तारण, विश्वास, न्यायाचा दिवस, योहानाच्या शुभवर्तमानातली वचने, सारे मी ओळीने मांडले. मांडणी चुकीची नव्हती. त्याने चहा संपवला, माझ्या कपाचेही पैसे दिले आणि काही न बोलता निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षे तो माझ्याशी कामापुरते बोलत असे. त्याला सिद्धांत नको होता. आपले वडील ज्याच्या हाती गेले तो कसा आहे, एवढेच त्याला विचारायचे होते. आणि ते तो मला विचारत होता, कारण मी देवाला बाप म्हणतो हे त्याला ठाऊक होते.

पुढे नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांविषयी वाचताना हाच प्रश्न मला पुन्हा भेटला, तोही एका हिंदू तरुणाच्या लेखणीतून. गोऱ्हे घराणे कोकणातले चित्पावन, पण नीळकंठाचा जन्म १८२५ साली झाशीजवळचा आणि शिक्षण काशीचे. जॉन म्यूर नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला होता. त्याला उत्तर देणाऱ्या तीन पंडितांपैकी सर्वांत धारदार होता एकोणीस वर्षांचा नीळकंठ. १८४४ च्या त्याच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त तो विचारतो, की पूर्वजन्म मानला नाही तर एक मूल जन्मतःच दुःखी आणि दुसरे सुखी का, याची उपपत्ती ख्रिस्ती लोक कशी लावणार? मर्यादित आयुष्यातल्या पापाला अमर्याद शिक्षा कशी न्याय्य ठरेल? रायपुरात आजही हेच विचारले जाते, फक्त भाषा बदलली आहे.

त्याच नीळकंठाने चार वर्षांनी, १८४८ साली, जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि तो नेहेम्या गोऱ्हे झाला. काशीत विल्यम स्मिथ या मिशनऱ्याचे म्हणणे खोडून काढायला तो गेला होता. खोडून काढण्यासाठी त्याने बायबल वाचले, आणि मग त्याला ते सोडता येईना. १८६० साली त्याने हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहा दर्शनांची समीक्षा केली. हा ग्रंथ वाचताना लक्षात येते, की शिस्त न्यायशास्त्राची आहे. आधी पूर्वपक्ष, तोही असा की त्या दर्शनाचा अनुयायी म्हणेल, हो, आमचे म्हणणे हेच. मग उत्तरपक्ष. गोऱ्ह्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. वेदान्ताला त्यांनी जिथे शब्दांत पकडले आहे तिथे वेदान्त्याच्या अनुभवाकडे त्यांचे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. पण पूर्वपक्ष मांडण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या कितीतरी पुस्तकांत नाही.

गोऱ्ह्यांना आयुष्यभर शंका छळत राहिल्या, हेही सांगायला हवे. नित्य दंडाचा जो प्रश्न त्यांनी विशीच्या आत ख्रिस्ती लोकांना विचारला होता तो ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याच उशाशी येऊन बसला. त्यांनी त्यावर लिहिले, पुन्हा लिहिले. आणि अशा या माणसाने पंडिता रमाबाईंना समजावले. ब्राह्मो समाजापर्यंत येऊन थांबलेल्या रमाबाईंना इंग्लंडमध्ये त्यांचे लेखन मिळाले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शंकेतून गेलेल्या माणसाचे बोलणे रमाबाईंना पटावे यात मला आश्चर्य वाटत नाही. त्यांच्यापुढे ज्यांनी ठाम विधाने केली त्यांचे त्यांनी फारसे ऐकून घेतले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला आहे. बाप्तिस्मा झालेली ही स्त्री त्रैक्याबद्दल, येशूच्या देवत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल प्रश्नामागून प्रश्न विचारते. सिस्टरना त्यात गर्व दिसला. मला त्यात स्वतःच्या विश्वासाची कैफियत स्वतःपुढे मांडणारी बाई दिसते. तरुणांना हा पत्रव्यवहार वाचायला देताना आमच्यातले काही ज्येष्ठ कचरले होते. मुलांचा विश्वास डळमळेल असे त्यांना वाटे. झाले असे, की मुले पहिल्यांदाच मोकळेपणी बोलू लागली.

आपल्या भाषेत या कामाची परंपरा किती जुनी आहे हे थोडक्यात सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, आणि त्यात लोक प्रश्न विचारतात व पाद्री-गुरू उत्तरे देतो. म्हणजे मराठीतल्या आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथातच विचारणाऱ्याला जागा आहे. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद १८३१ चा. १८५७ च्या सुरुवातीला विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वाद झाले. गर्दी जमे, दोन्ही बाजूंनी ते छापलेही गेले. ते छापील वाद वाचताना दोन्ही बाजूंची हुशारी दिसते, पण कुणी कुणाचे ऐकत आहे असे फार क्वचित दिसते. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला आहे. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, वितंडा नुसते खोडून काढण्यासाठी. किनाऱ्यावर झाला तो बहुतांशी जल्प होता. त्या वादांतले एक मिशनरी जॉर्ज बोवेन. त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि बाजारवस्तीतल्या एका खोलीत गरिबीने राहून चाळीस वर्षे मुंबईत काढली. त्यांचे वादातले मुद्दे आज कुणाला आठवत नाहीत. त्यांची ती खोली आठवते.

आता रायपूरकडे वळतो, कारण इथे हा विषय निव्वळ पुस्तकी राहत नाही. १८६८ साली ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी रायपुरात आले. गुरू घासीदासांचा सतनामी पंथ मूर्ती मानत नाही, एका सत्यनामाचा जप करतो, हे त्यांच्या कानी पडले होते. आपण तेच सांगायला आलो आहोत, तेव्हा सारा पंथच ख्रिस्ती होईल, अशी त्यांना आशा वाटली. मिशनचे विश्रामपूर वसले, तिथे देऊळ उभे राहिले, शाळा-दवाखाने झाले, त्या मंडळ्या आजही आहेत. पण सतनामी समाज बहुतांशी आपल्या जागीच राहिला. सत्यनाम या शब्दात त्या समाजाने आपला मान, आपल्या गुरूची स्मृती, जातीच्या अपमानाला दिलेले उत्तर, इतके सारे साठवले होते. लोरनी तो शब्द ऐकला, आणि त्याचा अर्थ आपल्याला आधीच ठाऊक आहे असे धरले. माझ्या टपरीवरच्या चुकीचीच ही मोठी आवृत्ती.

“मिला क्या?” या प्रश्नाचेही सरळ उत्तर द्यायला हवे. टिळकांना काय मिळाले? काही वर्षे लक्ष्मीबाईंपासून आणि मुलापासून ताटातूट, जातीचा बहिष्कार. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या युक्तिवादाने वळल्या नाहीत. सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे ठाऊक आहे. पण टिळकांचे नाव ढालीसारखे पुढे करून भागत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातले आणि नगर भागातले पुष्कळ लोक उपाशीपोटी मिशनच्या आवारात आले. रमाबाईंनीही मध्य प्रांतातून दुष्काळात सापडलेल्या मुली नेल्या आणि जगवल्या. त्या लोकांपैकी अनेक जण ख्रिस्ती झाले. आपल्यातल्या काहींच्या घराण्यांची सुरुवात तिथे आहे. उपाशी माणसाला भाकर देणे हे येशूचेच काम, त्याची लाज नको. पण त्या भाकरीच्या बदल्यात कुठे नाव मागितले गेले असेल तर ते अन्यायाचे होते, हेही म्हणता आले पाहिजे. हे म्हणायला जो घाबरतो त्याची कैफियत अर्धी राहते.

विचारणाऱ्यांत सरकारही आले. १९५४ साली जुन्या मध्य प्रदेशाच्या सरकारने, राजधानी तेव्हा नागपूर होती, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समिती रायपूर, बिलासपूर, रायगड, सरगुजा इथे फिरली, १९५६ साली अहवाल आला. आपल्या मंडळ्यांत या अहवालाचे नाव निघाले की कपाळाला आठ्या पडतात. त्याचे पुष्कळ निष्कर्ष मलाही अन्याय्य वाटतात. तरी माझा आग्रह आहे की तो पूर्ण वाचावा. शेजाऱ्याच्या मनात काय खदखदते आहे याचा इतका लांबलचक पूर्वपक्ष आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही.

त्यातून पुढे १९६८ चा धर्म स्वातंत्र्य अधिनियम आला. सक्ती, प्रलोभन आणि फसवणूक यांनी केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरवले, आणि २००० साली छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा तो कायदा या राज्याकडे आला. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारा खटला आपल्याच भागातला आहे. रायपूरचे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर बलौदाबाजारच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे खटला उभा राहिला होता. १७ जानेवारी १९७७ रोजी सरन्यायाधीश ए. एन. राय यांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदातल्या ‘प्रसार’ या शब्दाचा अर्थ न्यायालयाने असा लावला, की आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. एच. एम. सीरवईंसारख्या घटनातज्ज्ञाने या निकालावर कठोर टीका केली, आणि मला ती पटते, कारण ऐकणाऱ्यालाही आपले मन बदलण्याचे स्वातंत्र्य आहे आणि त्या स्वातंत्र्याचा विचार निकालात पुरेसा झालेला नाही. तरी एक गोष्ट बघा. न्यायालयाने जे निःसंशय आपले म्हणून ठेवले ते उलगडून सांगणे आहे. मन वळवणे हे तर आपल्या विश्वासाप्रमाणेही पवित्र आत्म्याचे काम, आपले नव्हेच. या हक्काचा उपयोग करायचा तर आधी आपल्याला उलगडून सांगता आले पाहिजे, आणि तिथेच आपण उणे पडतो. त्रैक्य म्हणजे तीन देव का, असे विचारले तर पिढीजात ख्रिस्ती माणूस विषय बदलतो. क्रुसावर देव मेला म्हणजे काय, असे विचारले तर तो गाणे सुरू करतो. गाणे चांगलेच असते, पण विचारणारा उभाच राहतो.

म्हणून या पुस्तकातला प्रत्येक पाठ पूर्वपक्षाने सुरू होतो. ख्रिस्ती धर्म परका आहे, सारे मार्ग एकाच देवाकडे जातात, कर्माचे फळ दुसरा कसा भोगेल, शुभवर्तमानांवर विश्वास का ठेवावा, मंडळीतही जात का उरली, असे ते पूर्वपक्ष आहेत. शेवटचा सर्वांत अवघड गेला, कारण त्याला उत्तरपक्ष नाही, नुसती कबुली आहे. पूर्वपक्ष लिहून झाले की आम्ही ते ज्यांचे आहेत त्यांना, शेजाऱ्यांना आणि मित्रांना, वाचून दाखवले. दोन ठिकाणी त्यांनी थांबवले आणि सांगितले, आम्ही असे म्हणत नाही. ते दोन्ही पाठ आम्ही पहिल्यापासून लिहिले. उत्तरे सगळ्यांना पटतील असा आमचा दावा नाही. पाळकांनी ती तपासली आहेत, आणि जिथे मंडळ्यांमध्ये मतभेद आहे तिथे तसे नमूद केले आहे.

पहिला पाठ मृतांविषयीचा आहे. त्याच्यासाठी मी बऱ्याच वर्षांनी त्या मित्राच्या घरी गेलो. टपरीवर जे झाले त्याची क्षमा मागितली आणि विचारले, तेव्हाचा तुझा प्रश्न तूच लिहून देशील का? आठवड्याभराने त्याने हिंदीत लिहिलेली दोन पाने आणून दिली. बाबूजी कसे होते, शेवटच्या दिवसांत काय म्हणाले, आणि त्यांना ख्रिस्ताचे नाव ठाऊक नव्हते तर तुमचा देव त्यांना ओळखेल का, एवढेच त्यात आहे. मी ते मराठीत आणले आणि त्याला वाचून दाखवले. त्याने एकच बदल सुचवला. मी ‘वडील’ लिहिले होते, तिथे ‘बाबूजी’च ठेव म्हणाला. तसे ठेवले आहे. त्याखालचे आमचे उत्तर त्याच्या प्रश्नापेक्षा लहान आहे.

रायपूर